आजची नोंद : पऱ्हाटीची नाही, माझ्या रक्ताची



या पानावर मी वावराची नोंद टाकत असतो. पाऊस किती पडला, सापळ्यात पतंग किती आले, कोणत्या धुऱ्याकडे तुडतुडे दिसले, तुरीला फुलं कधी लागली. तुम्ही वाचता, चुकलं तर सांगता. कृषी सहायक, विद्यापीठाचे लोकही वाचतात. आजची नोंद मी पावणेचार वर्षं टाळत होतो. आज लिहून टाकतो.

मला रक्ताचा कॅन्सर आहे. नाव लांब आहे. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया. डॉक्टर लोक नुसतं सीएलएल म्हणतात. घाबरू नका, मी आजही वावरात आहे. कालच पहिली वेचणी सुरू केली. पण गावात काहीबाही बोलतात, कोणी म्हणते शेवटची स्टेज आहे, कोणी म्हणते लागट आहे. म्हणून म्हटलं आपणच खरं काय ते सांगावं. मी दहावी पास माणूस. डॉक्टर नाही. जे समजलं, जसं समजलं, तसं लिहितो.

गोष्ट फेब्रुवारी २०२२ ची. पाठीवर पंप वाहून अन् पोती उचलून हर्निया झाला होता. घाटंजीहून यवतमाळला ऑपरेशनसाठी गेलो. ऑपरेशनच्या आधी रक्त तपासतात, साधा सीबीसी. पांढऱ्या पेशी निघाल्या ३८ हजार. साधारण माणसाच्या चार ते अकरा हजार असतात. लॅबवाल्या पोराला वाटलं मशीन चुकली, त्यानं दुसऱ्यांदा रक्त घेतलं. तेवढ्याच निघाल्या. सर्जननं माझी मान चाचपली. गळ्याच्या दोन्ही बाजूंना बोराएवढ्या गाठी होत्या. दुखत नव्हत्या. मला वर्षभरापासून माहीत होत्या. दाढ किडली आहे, त्यानं असतील, असं समजून सोडून दिलं होतं.

तुम्हालाही हेच सांगायचं आहे. दुखते ते आपण दाखवतो, न दुखणारं दाखवत नाही. या बिमारीच्या गाठी दुखत नाहीत. कित्येकांना काहीच त्रास नसतो, माझ्यासारखं दुसऱ्याच कामासाठी रक्त तपासलं की सापडते.

ऑपरेशन राहिलं बाजूला. नागपूरला पाठवलं. तिथं हाताच्याच रक्तावर एक मोठी तपासणी झाली, फ्लो सायटोमेट्री म्हणतात. कापूस त्या महिन्यात दहा हजारांच्या आसपास होता, त्या हिशेबानं पाऊण क्विंटल कापूस त्या एका तपासणीत गेला. पेशीच्या अंगावर कोणत्या खुणा आहेत ते त्यात पाहतात, जशी बियाण्याच्या थैलीवरची खूण पाहून आपण वाण ओळखतो. आठ दिवसांनी नाव कळलं.

डॉक्टर मॅडमनं कागदावर चित्र काढून समजावलं. ते माझ्या भाषेत सांगतो. रक्त तयार होते हाडाच्या मगजात. तांबड्या पेशी प्राणवायू वाहतात, प्लेटलेट रक्त थांबवतात, पांढऱ्या पेशी राखण करतात. पांढऱ्यांमध्ये एक जात लिम्फोसाइट. त्यातल्या बी लिम्फोसाइटच्या घराण्यातून रोगाशी लढणारी प्रथिनं तयार होतात, अँटिबॉडी म्हणतात त्याला. या पेशींचं आयुष्य ठरलेलं असते. वेळ झाली की मरतात, नव्या येतात. माझ्या अंगात त्यातली एक पेशी बिघडली. ती वेळेवर मरायचं विसरली. तिच्यासारख्याच दुसऱ्या झाल्या, त्याही मरेनात. हळूहळू गर्दी झाली.

मी विचारलं, मॅडम, राखणदार वाढले तर चांगलंच आहे न? तर म्हणाल्या, काका, नुसती संख्या वाढली, कामाचे नाहीत. तेव्हा मला बांधाकडचं सोयाबीन आठवलं. एका वर्षी कमरेला लागलं होतं, हिरवंगार, दाट. रस्त्यानं जाणारा म्हणे, काय पीक आहे! आत हात घातला तर शेंगाच नाहीत, नुसता पाला. माझं रक्त तसं आहे. पेशी दाट, अन् शेंग नाही. म्हणून या बिमारीत पांढऱ्या पेशी हजारोंनी जास्त असूनही माणसाला सर्दी, खोकला, न्यूमोनिया लवकर धरतो.

क्रॉनिक म्हणजे जुनाट, चिवट, हळू चालणारी. रक्ताचे कॅन्सर पुष्कळ प्रकारचे असतात. काही असे की आठवड्यात माणूस आडवा होतो, ताबडतोब दवाखान्यात भरती करावं लागते. हा बहुतेकांत वर्षानुवर्षं चालतो. गोऱ्या लोकांच्या देशांत हा मोठ्या माणसांच्या ल्युकेमियातला सगळ्यात जास्त सापडणारा, आपल्याकडे त्या मानानं कमी. लहान पोरांना होत नाही. पन्नाशी-साठीनंतरची बिमारी आहे, बायांपेक्षा माणसांत जास्त.

बिमारी किती पुढं गेली ते मोजायची पद्धत डॉ. कांती राय यांनी १९७५ मध्ये बसवली. जोधपूरचा माणूस, अमेरिकेत डॉक्टर झाला. आजही जगभर त्यांच्या नावानं राय स्टेज म्हणतात. शून्य म्हणजे फक्त रक्तात पेशी वाढलेल्या. एक म्हणजे गाठी आल्या. दोन म्हणजे पानथरी किंवा यकृत वाढलं. तीन म्हणजे हिमोग्लोबिन घसरलं. चार म्हणजे प्लेटलेट एक लाखाच्या खाली गेल्या. मजा पहा, पाच पायऱ्या मोजायला डॉक्टरचा हात अन् साधा सीबीसी पुरतो. मी एकमध्ये होतो. आजही एकमध्येच आहे.

आता मुद्द्याचं. सगळं समजावून झालं अन् मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्हाला आज औषध द्यायचं नाही. तीन महिन्यांनी रक्त तपासून या."

मी अन् पोरगा एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

बसमध्ये पोरगा एक शब्द बोलला नाही. यवतमाळ आलं तेव्हा म्हणे, "बाबा, त्या बाईले वाटलं असन, याइच्याजवळ पैसेच नाई. म्हणून तिनं औषध नाई लिहून देल्लं." मलाही आतून तसंच वाटत होतं. मळके कपडे, पायात चप्पल, हातात थैली. घरी आलो तर घरची म्हणे, "कॅन्सर हाय अन् औषध नाई, असं कुठं असते काय?"

पोरानं मला न सांगता नाल्याकडच्या दोन एकरांची बोली लावली. माझ्या बापानं विहीर खोदली ते वावर. गावातल्याच माणसाकडून पन्नास हजार इसार घेऊन आला. म्हणे मुंबईला नेतो, मोठ्या दवाखान्यात दाखवतो, पैसा टाकला की औषध निघते. मला राग आला नाही. बापासाठीच करत होता. पण इसार म्हणजे इसार. पंधरा दिवसांत खरेदी करायची ठरली होती.

मुंबईला गेलो. टाटाला. गर्दी तुम्ही ऐकली असेल, त्याच्यावर लिहीत नाही. तिथल्या डॉक्टरनंही सगळे कागद पाहिले, गळा, काख, पोट चाचपलं अन् तेच सांगितलं. आज औषध नको, लक्ष ठेवा. नागपूरलाच दाखवत राहा, इथं कशाला येता.

परतीच्या गाडीत मी पोराला विचारलं, तू शेतीशाळेत जातो न? क्रॉपसॅपच्या बाया-पोरं येतात, पानं मोजतात, ते काय असते? तो म्हणे, ईटीएल. मी म्हटलं, सांग मले.

तो सांगत गेला, जे आम्ही दोघंही दर वर्षी करतो. पऱ्हाटीत तुडतुडे दिसले की लगेच पंप उचलायचा नाही. पानामागं मोजायचे. पानाला सरासरी दोन-तीनच्या वर गेले तर फवारायचं. पांढरी माशी पानाला आठ-दहा. गुलाबी बोंडअळीचे पतंग कामगंध सापळ्यात आठ अन् तेही सलग तीन रात्री, नाहीतर शेकडा दहा फुलं-बोंडं किडलेली. त्याला म्हणायचं आर्थिक नुकसानीची पातळी. त्याच्या खाली कीड आहे, पण फवारा नाही. कारण पहिल्याच महिन्यात जहाल औषध मारलं तर ढालकिडे मरतात, क्रायसोपा मरते, कोळी मरतात. राखण करणारेच गेले की पुढं पांढरी माशी अशी येते की मग कोणतंच औषध ऐकत नाही. आपल्या बापजाद्यांनी नाही, आपणच हे भोगलं आहे.

मी म्हटलं, मंग डॉक्टर दुसरं काय म्हणून राहिले?

तो खिडकीबाहेर पाहत राहिला. पण घरी आल्यावर इसार परत केला. वरचे पाच हजार द्यावे लागले, तोंडाची गेली ती वेगळी. वावर राहिलं.

पुढच्या वेळी मॅडमला मी हेच विचारलं, माझी ईटीएल किती? त्या हसल्या अन् कागदावर लिहून दिली. तो कागद मी सातबाराच्या फाईलमध्ये ठेवला आहे. त्यातलं सांगतो. हिमोग्लोबिन १० च्या खाली जात राहिलं तर. प्लेटलेट एक लाखाच्या खाली घसरल्या तर. पानथरी बरगडीच्या खाली सहा सेंटिमीटर उतरली किंवा एखादी गाठ दहा सेंटिमीटरची झाली तर. सहा महिन्यांत काहीही न करता वजन दहा टक्के घटलं तर. दुसरं कारण नसताना दोन आठवडे ताप राहिला, किंवा महिनाभर रात्री कपडे पिळावे असा घाम आला तर. सहा महिन्यांच्या आत पेशी दुप्पट झाल्या तर. त्यातही दुप्पट होण्याचा हिशेब पेशी कमी असताना फसवा असतो, म्हणून तो एकटा धरत नाहीत.

त्यात एक गोष्ट नव्हती. पांढऱ्या पेशी अमुक हजार झाल्या की औषध, असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. नुसता आकडा मोठा झाला म्हणून औषध देत नाहीत. कीड किती याच्यापेक्षा नुकसान किती, हा हिशेब आहे.

अन् हा नुसता अंदाज नाही. फ्रान्सच्या डॉक्टरांनी माझ्यासारख्या, बिमारी सुरुवातीला असलेल्या लोकांचे दोन गट केले होते. एकाला लगेच क्लोराम्ब्युसिलच्या गोळ्या, दुसऱ्याला फक्त नजर. १९९८ मध्ये निकाल छापला. लगेच गोळ्या घेणारे जास्त जगले नाहीत. अन् ज्यांच्यावर फक्त नजर ठेवली त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांची बिमारी पुढं गेलीच नाही, त्यांना औषध लागलंच नाही. ११ वर्षांच्या वर पाहून काढलेला निकाल आहे. विद्यापीठाच्या प्लॉटवर आपण पाहतो न, एक फवारलेला अन् एक न फवारलेला, तसंच. त्यानंतर नवीन गोळ्या आल्या, त्याही लवकर देऊन पाहिल्या. बिमारी दबून राहिली, पण माणूस जास्त जगतो असं निघालं नाही.

आता हे सगळं कळलं म्हणून झोप लागते असं समजू नका. पऱ्हाटी अन् मी यात फरक आहे. पऱ्हाटीचा हंगाम जातो, पुढच्या मृगाला नवीन सरकी टोबता येते. इथं दुसरा हंगाम नाही. दर तीन महिन्यांनी रिपोर्ट येतो तेव्हा आदल्या रात्री मी जागा असतो. ३८ हजारांच्या ४६ झाल्या, मग ५५, या वेळी ७१ हजार. हिमोग्लोबिन १३ होतं, आता १२.२ आहे. कागदावर पातळीच्या खालीच आहे. पण वाढत आहे हे मलाही दिसते. घरची रिपोर्ट हातात घेऊन फक्त एक विचारते, "वाढलं काय?" मी म्हणतो, थोडंसं. ती स्वयंपाकघरात जाते.

अशाच एका रात्रीनंतर मी चूक केली. ओळखीच्यानं एका काढेवाल्याचं नाव सांगितलं. पेशी महिन्यात खाली आणतो म्हणे. दोन महिने पिलो, डॉक्टरला लपवून. तिसऱ्या महिन्यात पेशी तशाच होत्या अन् यकृताचा रिपोर्ट बिघडला. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, काका, औषध नको म्हणणं आम्हालाही सोपं नसते, पण जे घ्याल ते मला सांगून घ्या. काढा बंद केला, यकृत दीड महिन्यात जागेवर आलं. मीच शेतकऱ्यांना सांगतो की नाव नसलेली बाटली वावरात मारू नका, अन् नाव नसलेली बाटली मीच पोटात घेतली.

दुसरी चूक याहून मोठी. २०२३ चा ऑक्टोबर, सोयाबीनची मळणी. अंगात ताप होता. मळणीयंत्र मोठ्या मुश्किलीनं मिळालं होतं, दुसऱ्याला गेलं असतं तर आठ दिवस थांबावं लागलं असतं. तीन दिवस तापातच कुटारात उभा राहिलो. ढिगाची खालची बाजू भिजली होती, बुरशीचा काळा भुगा नाकातोंडात जात होता. चौथ्या दिवशी श्वास पुरेना. न्यूमोनिया. आठ दिवस भरती. सोयाबीन वाचलं, मी थोडक्यात वाचलो. मॅडम म्हणाल्या, या बिमारीत पुष्कळ माणसं पेशींनी नाही जात, संसर्गानं जातात.

तेव्हापासून घरात नियम आहे. अंगात १००.४ च्या वर ताप भरला की त्याच दिवशी दवाखाना, मग वावरात काहीही उभं असो. न्यूमोनियाची लस अन् दर वर्षी फ्लूची लस डॉक्टरला विचारून घेतो. जिवंत जंतूंच्या लसी या बिमारीत देत नाहीत, म्हणून कोणतीही सुई टोचायच्या आधी आपली बिमारी सांगायची. कुटार, जुनं खत, बुरशी लागलेला भुईमूग यापासून मी लांब राहतो, गेलोच तर तोंडाला चांगला मास्क. काटा रुतला, विळा लागला तर तिथंच धुतो. नागीण उठली, अंगावर एकाएकी निळे डाग पडले, डोळे पिवळे झाले तर थांबायचं नाही. या बिमारीत कधी कधी शरीर आपल्याच तांबड्या पेशी मोडते, तेव्हा हिमोग्लोबिन झपाट्यानं उतरते.

आता तो प्रश्न, जो तुम्ही विचाराल अन् मीही स्वतःला रोज विचारतो. फवाऱ्यानं झालं काय?

पस्तीस वर्षं फवारा मारला मी. मोनोक्रोटोफॉस उघड्या हातानं बादलीत ढवळलं. धुऱ्यावर ग्लायफोसेट, गव्हात टू-फोर-डी. नोझल अडकलं तर तोंडानं फुंकलं. २०१७ च्या त्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात काय झालं ते तुम्हाला सांगायची गरज नाही. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, फवारा अंगावरच पडे. वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. मलाही दोन दिवस मळमळ अन् डोळ्यांची आग होती. पण ती विषबाधा वेगळी. ती नसांवर चालते, कोलिनेस्टरेज नावाचं विकर बंद पाडते, तासाभरात नाहीतर दिवसात दिसते. कॅन्सरचा हिशेब वर्षांचा असतो.

जगात याच्यावर काय निघालं ते वाचलं. व्हिएतनामच्या लढाईत अमेरिकेनं झाडं-पिकं जाळायला एजंट ऑरेंज फवारलं होतं. त्यात अर्धं टू-फोर-डी, अर्धं टू-फोर-फाइव्ह-टी, अन् त्या दुसऱ्यात डायॉक्सिन नावाचं जहर मिसळलेलं. २००३ मध्ये त्यांच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं मान्य केलं की असल्या तणनाशकांचा अन् सीएलएलचा संबंध असल्याचा पुरेसा पुरावा आहे. त्यानंतर तिथल्या सैनिकांना या बिमारीसाठी भरपाई मिळू लागली. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं ग्लायफोसेट अन् मॅलॅथिऑनला 'बहुधा कॅन्सर करणारं' या यादीत टाकलं, टू-फोर-डीला 'शक्यता आहे' या खालच्या यादीत.

हे सगळं मी मॅडमसमोर ठेवलं. त्या म्हणाल्या, काका, हजार माणसांचा हिशेब काढता येतो, एका माणसाचा नाही. तुमचं यानंच झालं असं मी लिहून देऊ शकत नाही, अन् यानं नाहीच झालं असंही नाही. आयुष्यात पंप न उचललेल्या मास्तरला, कारकुनालाही ही बिमारी होते.

म्हणून मी कोणावर बोट ठेवत नाही. कंपनीवर नाही, दुकानदारावर नाही. पण पोराच्या पाठीवर पंप असतो तेव्हा पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, चष्मा, तोंडाला मास्क नसला तर मी वावरात पाय ठेवू देत नाही. नोझलला आता घोड्याच्या शेपटीचा केस अन् पाणी, तोंड नाही. फवारून आला की आधी आंघोळ, मग जेवण. तो कपडा वेगळा धुतला जातो, अन् घरचीनं तो नुसत्या हातानं धुवायचा नाही. पुरावा पूर्ण नसला तरी एवढं करायला काय लागते? दोनशे-चारशे रुपये अन् उन्हात थोडा घाम.

लोक विचारतात ते थोडक्यात. लागट आहे काय? नाही. माझ्या ताटात जेवल्यानं, माझा पाणी प्यायचा गडवा वापरल्यानं होत नाही. वेचणीच्या बाया पहिल्या वर्षी माझ्याकडे यायला मागंपुढं करत होत्या, आता येतात. लेकरांना होईल काय? रक्ताच्या नात्यात शक्यता थोडी जास्त असते, पण बहुतेकांच्या घरात दुसऱ्या कोणालाच होत नाही, अन् लेकरांची आधीपासून तपासणी करायची गरज नसते. हे मी पोरीच्या सोयऱ्यांनाही तोंडावर सांगितलं. सोयरीक झाली. नातू दीड वर्षाचा आहे.

पातळी ओलांडली तर? तेव्हा औषध आहे, हे मला धीर देते. आधी केमोच होती. आता पोटात घ्यायच्या गोळ्या आहेत. इब्रुटिनिबला २०१४ मध्ये या बिमारीसाठी अमेरिकेत मंजुरी मिळाली, व्हेनेटोक्लॅक्सला २०१६ मध्ये. बिघडलेल्या पेशीला 'जगत राहा' असा जो आतला निरोप मिळतो तो इब्रुटिनिब तोडते, अन् मरायचं विसरलेल्या पेशीला व्हेनेटोक्लॅक्स मरायला लावते. मुळासकट बरं होते असं सहसा कोणी म्हणत नाही, पण वर्षानुवर्षं दाबून ठेवता येते. गोळी सुरू करायच्या आधी रक्तात १७ पी नावाचा बिघाड आहे काय ते पाहतात, कारण तो असला तर जुनी केमो चालत नाही. जसं कोणत्या अळीवर कोणतं औषध चालत नाही ते पाहूनच आपण बाटली उचलतो.

गोळ्या महाग आहेत. म्हणून कागद आत्तापासून जमवले. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतल्या पांढऱ्या रेशन कार्डाच्या शेतकऱ्यांनाही घेतलं आहे, त्यात आपलं यवतमाळ आहे. सातबारा, रेशन कार्ड, आधार एका जागी ठेवा, नावातला फरक आधीच दुरुस्त करा. आजारी पडल्यावर तलाठ्याच्या मागं फिरायला अंगात ताकद नसते. कोणतं औषध योजनेत बसते ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. इलाजासाठी मुंबईच गाठली पाहिजे असंही नाही, नागपूरला तुकडोजी महाराजांच्या नावाचं कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याला राष्ट्रीय कॅन्सर संस्था आहे, सेवाग्रामही जवळ आहे. अन् जमीन विकायच्या आधी दुसऱ्या एका डॉक्टरचं मत घ्या. इसार त्याच्यानंतर.

पन्नाशी उलटलेल्यांनी वर्षातून एकदा सीबीसी करून घ्या, दोन-तीनशे रुपये लागतात. गळ्यात, काखेत, जांघेत न दुखणारी गाठ महिनाभर राहिली तर दाखवा. रिपोर्ट मला पाठवू नका, मी तुमच्यासारखाच. डॉक्टरला दाखवा. लिम्फोसाइट वाढलेले दिसले तरी लगेच कॅन्सर समजू नका, साध्या तापानंही थोडे दिवस वाढतात. म्हणून एका रिपोर्टवर नाव ठेवत नाहीत, अन् या बिमारीत वाढलेल्या पेशी तीन महिने तशाच राहाव्या लागतात.

माझी पुढची तारीख जानेवारीची आहे, तुरी सोंगून झाल्यावर. काय निघाले ते इथं लिहीन, जास्त निघाले तरी.

नाल्याकडच्या दोन एकरांत यंदा पऱ्हाटीच आहे. काल रात्रीचे सापळे आज सकाळी मोजले. एकात तीन पतंग, दुसऱ्यात पाच. वीस बोंडं फोडली, एकात अळी. फवारा नाही. उद्या परत मोजतो.